सत्तेचाळिसावं उत्तर

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप साठतात, मिसळणाच्या डब्यात मोहरीखाली जिरं जाऊन बसतं तसे. रोज डबा उघडतो तेव्हा दिसत नाहीत, घासायला काढला की दिसतात. आमच्या ऑफिसनं परवा जागा बदलली. टेबलं हलवता हलवता आम्ही जुनी माणसं बोलत बसलो, आणि दुपार कधी झाली ते कळलं नाही. त्यातले काही सांगते. आमचं काम गंभीर आहे, त्यामुळे फार हसायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

आधी काम काय ते सांगायला हवं. एक छोटं बेट आहे, स्वतंत्र देश. नाव सांगणार नाही. गुप्ततेच्या कागदावर तशी सही केली आहे आणि ती अजून लागू आहे. या बेटावर मासे आणि नारळ सोडले तर बहुतेक सगळं बाहेरून येतं. तांदूळ, औषधं, खिळे, शाळेच्या वह्या. त्यामुळे त्यांना व्यापाराची दारं उघडी ठेवावीच लागतात. सगळ्याच देशांच्या व्यापारधोरणाची दर काही वर्षांनी तपासणी होते. जिनिव्हाला सगळे देश बसतात आणि या एका देशाला समोर बसवतात. त्याआधी लेखी प्रश्न येतात. अमक्या मालावर एवढी जकात का, तमक्याला परवाना कशासाठी. त्यांची लेखी उत्तरं द्यायची असतात. उत्तरं बेटाचं सरकार लिहितं, एक सल्लागार कंपनी ती नीटनेटकी करते, आणि शेवटची तपासणी करायला ती आमच्याकडे पाठवते. आम्ही म्हणजे कुंभकोणमच्या एका गल्लीत पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या.

माझ्या सासूबाईंना हे पहिल्यांदा समजावून सांगायला मला आठवडा लागला. त्यांनी ते शेजारणीला एका वाक्यात सांगितलं. "एका देशाची परीक्षा आहे. प्रश्न अगोदरच फुटले आहेत. आमची सून उत्तरं तपासून देते."

शेजारीण म्हणाली, "पोलिस धरत नाहीत?"

*

मी मिरजेची. लग्न होऊन इथल्या मराठी घरात आले. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं आहेत, रस्त्यावर तमिळ बोलतात आणि उंबरा ओलांडला की मराठी. पण ती मराठी जुनी. "बसा"ला "बैसा" म्हणतात, "का"ला "काय म्हणून". मी ऑफिसात लागले त्या दिवशी आमचे प्रमुख कृष्णाजीराव मला म्हणाले, "बैसा." मला हसू आवरलं नाही.

त्यांना आम्ही सगळे तमिळ वळणानं, सर न म्हणता, सार म्हणतो. बंदरावरच्या जकात खात्यात आयुष्य गेलेलं, उंच, पांढरा शर्ट, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. माझं हसणं थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "तुम्ही तिकडे मराठी बदलून घेतलीत. आम्हांस कुणी कळवलं नाही. यांत हसण्याजोगें काय आहे?"

मी मुकाट्यानं बसले. त्या ऑफिसात पुढं बारा वर्षं काढली, पण त्या खुर्चीत पुन्हा हसून बसले नाही.

*

आमच्याकडे कागद डोळ्यांनी तपासत नाहीत, कानांनी तपासतात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं तयार प्रत हातात धरून ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणायचा. सारांचं म्हणणं, डोळा शहाणा असतो, चूक दिसली तरी मनातल्या मनात दुरुस्त करून पुढं जातो. कान तसा नाही.

भिंतीला लागून एक वेदपाठशाळा होती. तिथले वाध्यार, म्हणजे गुरुजी, साठीचे. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. एका सकाळी ते जिना चढून वर आले आणि दारात उभं राहून सारांना तमिळमध्ये म्हणाले, "तुमच्या कामात पडू नये, पण राहवत नाही. काल तुमच्या वाचणाऱ्या मुलीनं म्हटलं त्यात 'ड्राइड' नंतर 'स्मोक्ड' होतं आणि मग 'सॉल्टेड'. आज 'ड्राइड' नंतर एकदम 'सॉल्टेड' आलं. मधलं कुठं गेलं?"

आम्ही माशांच्या जकातीचा तक्ता उघडला. आज मूळ म्हणून आलेल्या नव्या प्रतीतच एक अख्खी ओळ गळली होती. धुरावलेला मासा बेटाच्या जकातीतून नाहीसा झाला होता, आणि तो तसाच जिनिव्हाला गेला असता.

सार उठले, त्यांनी वाध्यारांना हात जोडले, खालपर्यंत पोचवून आले. वर येऊन पहिल्यांदा खिडकी लावली, मग दार लावलं. त्या दिवसापासून वाचन बंद खोलीत. मे महिन्यातसुद्धा. आमच्यातला पांडुरंगन म्हणाला, "सार, त्यांनी तर आपल्याला वाचवलं."

"ऐकणारा चांगला आहे, हें खरें," सार म्हणाले. "पण त्याची सही कुठें आहे?"

*

हा पांडुरंगन आमचे तक्ते करतो. घरचे सगळे पिढीजात शिंपी आणि विठ्ठलाचे भक्त, भावाचं कापडाचं दुकान आहे. याला कापड नको होतं म्हणून आकड्यांत आला. मोठ्या देशांना नाही म्हणायचं असलं तरी ते सरळ म्हणता येत नाही, त्यामुळे उत्तरांची भाषा फार गोडीची असते, आणि ती याच्या अंगात भिनली. एकदा बायकोनं फोनवर विचारलं, दूध का आणलं नाही. हा म्हणाला, "प्रश्नाची नोंद घेतली आहे. या बाबतीत विचारविनिमय सुरू आहे."

ती शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी घरी गेला तर दारावर चिठ्ठी. "उत्तर असमाधानकारक. पुरवणी प्रश्न : मग चहा कशाचा?"

चिठ्ठी त्यानं ऑफिसात आणून दाखवली. सारांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "प्रश्न मुद्द्याला धरून आहे."

*

बेटावरच्या माणसांशी आमचं बोलणं व्हिडिओवर व्हायचं. पहिल्या कॉलला सारांनी यादी केली होती. जकात विभाग, शेती विभाग, परवाने, आकडेवारी, प्रत्येकाला वेगळे प्रश्न. लिंक उघडली तर पडद्यावर एकच बाई. पन्नाशीच्या, मागं कपाट, शेजारी पंखा.

सार म्हणाले, "सगळे आले की सुरू करू."

बाई म्हणाल्या, "सगळे आलेत."

सारांनी जकातीचे प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. शेतीचे विचारले, त्यांनी फाइल बदलून उत्तरं दिली. आकडेवारीचं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते खातं आता एकच माणूस बघतो, आणि तो आजारी आहे. तेव्हा तेही मीच." समोर प्रश्न दोनशेच्या वर होते. ज्या देशांनी ते पाठवले होते त्यांच्याकडे एकेका प्रश्नाला एकेक खोलीभर माणसं असतील.

एका मोठ्या देशानं विचारलं होतं की अमुक नियम बदलल्याचं तुम्ही वेळेवर का कळवलं नाही. बाईंनी शेजारचा पंखा बंद केला. मग म्हणाल्या, "त्या महिन्यात माझी आई गेली. असं लिहिता येतं का?"

सारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही येत," ते म्हणाले. "'प्रशासकीय कारणामुळे' असं लिहू." आणि कॉल संपल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. छोटा देश म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्या दोनशे प्रश्नांचा मनापासून राग आला.

*

आता विजयाचं सांगते. वाचणारी ती आणि ऐकणारी मी, अशी आमची जोडी. विजयाचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. ते वडिलांकडून आलेलं. रघुनाथराव इंग्रजीचे मास्तर होते, निवृत्त झाल्यावर जवळच्या तिरुवलंचुळी गावी शेतीकडे बघू लागले. आई नाही, घरी दोघंच. रघुनाथरावांचा तिथं पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. कुंभकोणमचं पान कोवळं असतं, नाव आहे त्याचं. सकाळी बाजारात पानं घालायची, दुपारी एकच्या सुमारास लेकीचा डबा घेऊन आमचा जिना चढायचा, बाहेरच्या बाकावर बसायचं, तिचं जेवण झालं की रिकामा डबा घेऊन बसनं परत. असा त्यांचा नेम.

आणि त्यांची पानं जायची कुठं? त्याच बेटावर. शंभर वर्षांमागं इकडची माणसं मजुरीला तिथं गेली, तिथलीच झाली, पण लग्नाला, बारशाला पान अजून इथलंच लागतं. बेटाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा विजयानं पहिल्याच दिवशी सारांना हे सांगून टाकलं. सार विचार करून म्हणाले, "पानें जातात. बातमी जाऊं नये. सही कर." तिनं केली.

मी एकदा बाकावर रघुनाथरावांना विचारलं, "मामा, लेक आत काय वाचते हे विचारावंसं वाटत नाही?"

ते म्हणाले, "काय म्हणून विचारूं, अम्मा? मी परीक्षेचे पेपर काढायचों तेव्हां ती शाळेंत होती. तिनें कधीं विचारलें नाही."

*

त्या वर्षी रघुनाथराव मोठ्या उमेदीत होते. मागणी वाढली होती. बांधापलीकडचं भाताचं शेत मोडून तिथंही पानमळा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. घरचा तांदूळ याच शेतातून यायचा. पानमळा म्हणजे आधी जमीन खणून खोल चर काढायचे, हदगा पेरायचा, तो उंच झाला की त्यावर वेल चढवायचे. एकदा चर काढले की दोन-तीन वर्षं ते शेत भाताचं राहत नाही. मजूर शुक्रवारचे ठरले होते. शुक्रवार चुकला तर ते दुसरीकडे लावणीला जाणार होते.

आणि सोमवारी उत्तरांचा शेवटचा गठ्ठा आला.

विजया वाचत होती, मी ऐकत होते. सत्तेचाळिसाव्या प्रश्नाशी ती थांबली. एका देशानं विचारलं होतं, ताज्या विड्याच्या पानांच्या आयातीचे परवाने कुठल्या नियमाखाली देता? बेटाचं उत्तर होतं की पानांबरोबर कीड येते, म्हणून पुढच्या हंगामापासून सरकारनं हे परवाने पूर्ण थांबवायचं ठरवलं आहे.

मी हातातला कागद खाली ठेवला. विजयानं पाणी पिऊन पुढचं उत्तर वाचायला घेतलं. तिच्या आवाजात काही फरक पडला नाही, त्याचंच मला वाईट वाटलं.

हे कागद उघड होणार होते पुढच्या बुधवारी, जिनिव्हाची बैठक सुरू झाल्यावर. शेत मोडणार होतं शुक्रवारी. मध्ये पाच दिवस.

*

दुसऱ्या दिवशी मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "सांगून टाक. तुझा बाप आहे तो. मी असते तर सोमवारीच सांगितलं असतं."

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतं, ठाऊक आहे मला. पण मग त्या बाईंचं काय?"

बेटावरच्या त्या एकट्या बाईंचं म्हणत होती ती. बैठकीआधी बातमी बाहेर आली असती तर बेटावरचे पानवाले मंत्र्याच्या दारात बसले असते, आणि कागद कुणाच्या हातून फुटला हे विचारायला त्या एकट्याच सापडल्या असत्या. वडील आपल्या व्यापाऱ्याला सांगणार, व्यापारी बेटावर फोन लावणार, हे विजयाला स्वच्छ दिसत होतं. मला स्वतःचा राग आला.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला तिनं वडिलांना म्हटलं, "अप्पा, शेत एक आठवडा राहूं दे."

"काय म्हणून?"

तिनं त्यांना भात वाढला. ते तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सरी, बरें. जेव तूं." पण मजुरांना नको म्हणाले नाहीत. का म्हणतील? कारण तर हवं ना काही.

बुधवारी ती सारांकडे गेली. म्हणाली, "सार, हा गठ्ठा दुसऱ्या कुणाला वाचूं द्या. मज जमत नाही." का जमत नाही ते तिनं सांगितलं. शुक्रवारचं, शेताचं, अवघं सांगितलं. मी दाराशीच होते.

सार म्हणाले, "तुझ्याइतकें चोख वाचणारें कोण आहे? उद्यां शेवटचें वाचन. तूंच वाचायचें."

बस्स, एवढंच. त्या माणसाचा मला इतका संताप आला की मी त्या दिवशी त्यांना नमस्कार न करता घरी गेले. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या या माणसांच्या छातीत काळीज आहे की रबरी शिक्का?

*

गुरुवारी आम्ही सकाळपासून वाचत होतो. संध्याकाळी कागद पाठवायचे होते. खिडकी बंद, दार बंद, पंखा चालू. पांडुरंगन त्याच्या पडद्यासमोर, सार त्यांच्या टेबलाशी, मध्ये आम्ही दोघी. एक वाजून गेला. जिन्यावर पावलं वाजली, बाक करकरला. रघुनाथराव येऊन बसले हे आम्हाला सगळ्यांनाच कळलं.

विजयानं सेहेचाळिसावं उत्तर संपवलं. सारांनी हात वर केला.

ते उठले, दारापाशी गेले आणि त्यांनी दार उघडलं. दोन्ही फळ्या, भिंतीला टेकेपर्यंत. बाहेर बाकावर रघुनाथराव होते, मांडीवर डबा. सारांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. परत येऊन खुर्चीत बसले.

"सत्तेचाळिसावें," ते म्हणाले. "मोठ्यानें वाच."

विजया म्हणाली, "सार, दार उघडें आहे."

"वाच."

पांडुरंगनचे हात कीबोर्डवर थांबले होते. मी माझ्या प्रतीत सत्तेचाळिसाव्यावर बोट ठेवलं. विजयानं कागद उचलला आणि इंग्रजीत वाचायला सुरुवात केली, रोजच्याच खणखणीत आवाजात. "प्रश्न सत्तेचाळीस. ताजी विड्याची पानं, स्वल्पविराम, आयात परवाने. उत्तर. सरकारनं असा निर्णय..."

बाक करकरला. रघुनाथराव उठले होते. त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि दारापर्यंत आले. आत पाऊल टाकलं नाही. एकदा लेकीकडे बघितलं.

"कृष्णाजीराव," ते म्हणाले, "तुमचें दार उघडें राहिलें."

आणि त्यांनी एकेक करून दोन्ही फळ्या ओढून घेतल्या.

विजयानं सत्तेचाळिसावं उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं, शेवटपर्यंत.